आगाऊ उपकार

सभागृहाच्या मागच्या खोलीत पप्पांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट चढवताना भिंगरीला त्यांच्या डाव्या दंडावरचा काळानिळा डाग दिसला.

"हे काय लागलं?"

"कुठे?" पप्पा म्हणाले.

"दार लागलं असेल," ताटं पुसता पुसता आई म्हणाली.

"आई, दार जागच्या जागी असतं. माणूस जाऊन दाराला लागतो."

"तेच ते."

तेच ते नव्हतं. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंगरी ज्या यंत्रावर दिवसभर बसते, तिथे माणसाला हनुवटी टेकवून समोरच्या एका ठिपक्याकडे बघायला सांगतात आणि कडेकडेने बारीक दिवे लुकलुकवतात. दिवा दिसला की बटण दाबायचं. काचबिंदूच्या माणसांची बटणं आधी कडेचीच चुकतात. समोरचं लख्ख दिसत असतं, त्यामुळे आपलं सगळं ठीक आहे असंच त्यांना वाटतं, आणि मग दारांच्या चौकटी, टेबलांचे कोपरे, रस्त्यातल्या सायकली कुठून कुठून येऊन त्यांना धडकायला लागतात. पप्पांचा काचबिंदू तिनेच त्या यंत्रावर पकडला होता. तेव्हा डावीकडचं थोडंसंच गेलं होतं. रोज थेंब घातले तर तेवढ्यावर थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि भिंगरीच्या जिवात जीव आला होता.

"थेंब घालताय ना?" तिने विचारलं.

खोलीत तिच्याशिवाय चौघंजण होती आणि चौघांनाही एकदम काम आठवलं. आईने पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. दादा माइकमधली बॅटरी काढून घालत होता, तो ती काढून घालतच राहिला. वहिनी चहाच्या कपांकडे वळली. पप्पांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं आणि परत लावलं.

"पप्पा, मी काहीतरी विचारलं."

"भिंगरी, आज नको," दादा म्हणाला. "मेळाव्याचा दिवस आहे. माणसं यायला लागतील आता."

"म्हणजे बंद केलेत."

"बंद केले असं म्हणू नये," पप्पा शांतपणे म्हणाले. "गरज उरली नाही."

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून तिच्या आजीने, घरातली सगळी जिला मोठी आई म्हणत तिने, ते ठेवलं होतं. पुढे यंत्रापुढे बसून बसून पोरीच्या पायांतली भिंगरी गेली, ती जिभेवर येऊन बसली, असं दादा म्हणतो. त्या क्षणी मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटली होती. कधीपासून बंद केले, हे विचारायची तिला भीती वाटत होती, कारण तो हिशोब तिला डोक्यात आपोआप येत असे. इतके महिने थेंब नाहीत, म्हणजे इतकं गेलं.

"कधीपासून?" शेवटी तिने विचारलं.

"शिबिरापासून," वहिनी कपांकडे बघत म्हणाली. दादाने तिच्याकडे एक नजर टाकली. घरातल्या घरात त्या नजरेला 'आवरा' म्हणत.

शिबिर उन्हाळ्यात झालं होतं. आता थंडी पडली होती, आणि दवाखान्याजवळ खोली घेऊन राहणाऱ्या, अधूनमधूनच येणाऱ्या भिंगरीला मधल्या काळात कुणी काही सांगितलं नव्हतं.

शिबिरात काय झालं ते भिंगरीला ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ असा निघेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यासाठी ह्या घराची रीत माहीत हवी. ती रीत मोठ्या आईने घातली. प्रार्थनेची सेवा सुरू झाली ती एका शिंप्याच्या दुकानात, दुकान बंद झाल्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून. येणाऱ्यांत कुणाचं काम सुटलेलं, कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा बाटलीत बुडालेला. सगळी नुसती रडायची आणि मागायची. एके दिवशी मोठी आई वैतागली. देव काय बहिरा आहे का, म्हणाली. एकदा सांगितलंत ना? आता मिळालं असं धरा आणि उपकार माना. आणि एकदा उपकार मानले की तीच गोष्ट पुन्हा मागायची नाही. मागितली तर दिलेले आभार परत घेतल्यासारखं होतं.

ह्याला सगळे आगाऊ उपकार म्हणू लागले. आणि खोटं कशाला बोला, त्या रीतीने माणसं बदलली. रडणाऱ्यांच्या माना वर झाल्या. बाटलीतला नवरा बाहेर आला आणि त्याने पुढे सेवेतली पेटी वाजवली. वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेली एक बाई गायला लागली, मग इतरांना शिकवायला लागली. शिंप्याचं दुकान पुरेना म्हणून सेवा एका गॅरेजात गेली, आणि गॅरेज पुरेना म्हणून ह्या सभागृहात आली. मोठी आई गेल्यावर पप्पा मंडळीचे पाळक झाले. ते आपल्या आईपेक्षाही काटेकोर निघाले. नवा मुसलमान बांग जोरात देतो म्हणतात, तशातली गत. मुलाला आईची रीत आईपेक्षा प्यारी.

उन्हाळ्याच्या शिबिरात दादाने पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून डोळ्यांसाठी प्रार्थना केली होती, आणि पप्पांनी भर मंडळीत उभं राहून बऱ्या झालेल्या डोळ्यांबद्दल आगाऊ उपकार मानले होते. भिंगरी तेव्हा मागे उभी राहून 'आमेन' म्हणाली होती. तिला वाटलं, उपकारही मानतील आणि थेंबही घालतील. शहाणी माणसं तसंच करतात.

"मोठी आई दम्याचा पंप उशाला घेऊन झोपायची," ती आता म्हणाली.

"तिने दम्यासाठी आगाऊ उपकार कधी मानले नव्हते," पप्पा म्हणाले. "मी मानलेत. आता रोज सकाळी डोळ्यांत औषध घालायचं म्हणजे रोज सकाळी देवाला म्हणायचं, की मी काल जे बोललो ते खोटं होतं."

"आणि दाराला धडकायचं, ते खरं?"

"भिंगरी," आई म्हणाली, "तोंड सांभाळ. वडील आहेत ते तुझे." आईने पाण्याचा तांब्या उचलला, पेला भरला, घटाघटा प्यायली आणि परत भरला. "एकदा मानलेले उपकार मागे कसे घ्यायचे? कुणी घेतलेत आजवर?"

भिंगरीने उजव्या हाताने पप्पांची हनुवटी धरली, जशी ती रोज अनोळखी माणसांची धरते, आणि डावा हात त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणला. "समोर बघा. बोट दिसलं की सांगा."

"हा काय दवाखाना आहे?"

"सांगा."

बोट कानापासून निघालं, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आलं, गालावर आलं. पप्पा काही बोलले नाहीत. ते नाकाच्या रेषेजवळ आलं तेव्हा म्हणाले, "हे काय, दिसलं की." दुसऱ्या बाजूनेही तसंच. तिने हात खाली घेतला. आता उरलं होतं ते एखाद्या नळीतून बघावं तेवढं. तेही किती दिवस टिकेल, हे ती कुणाला सांगू शकली नसती.

"उद्या सकाळी दवाखान्यात," ती म्हणाली.

"उद्याचं उद्या," दादा म्हणाला. "आज पप्पा चष्म्याशिवाय उपकाराचं स्तोत्र वाचणार आहेत. गेले तीन रविवार मी व्यासपीठावरून सांगतोय. लांबलांबून माणसं येतायत."

भिंगरी दादाकडे बघत राहिली. "वाचणार आहेत?"

"वाचणार आहेत."

"दादा, त्यांना एक ओळ संपून दुसरी कुठे सुरू होते ते सापडणार नाही."

तेवढ्यात वहिनीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात बसला. वहिनी ह्या घरात आल्यापासून तिच्या हातून आवाज होत नसे. भिंगरीने ते ऐकलं आणि चहा घ्यायच्या निमित्ताने तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"काय माहितीय तुला?"

"मीच पाठ करून घेतलंय," वहिनी ओठ न हलवता म्हणाली. "रोज सकाळी. मी एक ओळ वाचायची, त्यांनी म्हणायची. म्हणाले, सूनबाई, वचन मनात असलं की डोळ्यांना मदत होते. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते अर्ध्याच्या वर पाठ झालं होतं."

"दादाला माहितीय?"

"त्यांना विचारायची हिंमत नाही, मला सांगायची नाही. झाकली मूठ आहे आमच्या दोघांची." वहिनीने पहिल्यांदा वर बघितलं. "तू काहीतरी कर. माझं ऐकणार नाहीत कुणी."

आजवर नणंद-भावजयीचं सूत बेताचंच होतं. भिंगरीने तिचा हात दाबला आणि दादाला दारापाशी ओढलं.

"हे थांबव."

"कसं थांबवू?" दादा पुटपुटला. त्याच्या कपाळावर घाम होता. "तुला वाटतं मला गर्दी हवीय म्हणून चाललंय हे. गर्दी हवीयच, नाही कशाला म्हणू. पण हात मी ठेवला होता त्यांच्या डोक्यावर, भिंगरी. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की आपण बोलतो ते वर पोचतं. नुसता पाळकाचा मुलगा नाही मी. आणि आता तू म्हणतेस, काहीच झालं नव्हतं."

त्याचा राग यावा की कीव, हे तिला ठरवता येईना. "मी तसं म्हणत नाहीये. मी म्हणतेय, ते आंधळे होतायत."

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दारावर टकटक झाली.

बेकरीवाला होता. गेल्याच वर्षी मंडळीत आलेला, उंच, अंगाला पावाचा वास येणारा, हसरा माणूस. दर रविवारी उरलेले पाव आणून वाटायचा, आणि त्याची सात वर्षांची मुलगी पुढच्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्याने गायची. तिला फिट्स येतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पाळकसाहेब, कार्यक्रमाआधी दोन मिनिटं," तो म्हणाला. "साक्ष द्यायची होती, पण व्यासपीठावर मला बोलता येत नाही. म्हटलं तुम्हालाच सांगावं. तुमच्यामुळेच झालं."

"बोला ना," पप्पा म्हणाले. लोक आले की त्यांचा आवाज आपोआप उबदार होत असे.

"आमच्या पोरीसाठी आम्ही आगाऊ उपकार मानले. घरीच, मी आणि मिसेसनी. गोळ्या पूर्ण बंद. पंधरा दिवस झाले. मिसेस आधी घाबरत होती. मी म्हटलं, पाळकसाहेबांनी डोळ्यांचं औषध टाकून दिलं, आपण गोळ्यांना चिकटून बसायचं? आपला विश्वास काय कमी आहे?"

पप्पांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला.

"परवा तिचे हात जरा आखडल्यासारखे झाले होते," बेकरीवाला म्हणाला. त्याचं हसू तसंच होतं, पण बोटं टोपी चुरगळत होती. "डोळे वर गेले. आम्ही घाबरलो नाही. उपकार मानत बसलो. थांबलं थोड्या वेळाने. थांबलं की नाही? म्हणजे होतंय ना, साहेब?"

त्याला उत्तर हवं होतं. साक्ष द्यायला म्हणून आलेला तो माणूस खरं तर भीती घेऊन आला होता, आणि हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं, पप्पांनाही. त्यांनी सवयीने त्याच्या खांद्यावर थाप मारायला हात उचलला. हात खांद्याच्या वीतभर बाजूला हवेत पडला.

"देव भलं करो," ते म्हणाले. तेही सवयीनेच.

बेकरीवाला गेला. भिंगरी त्याच्यामागे धावली आणि सभागृहाच्या बाजूच्या बोळात तिने त्याला गाठलं. आत बाकड्यांचे, खुर्च्यांचे, पेटी जुळवण्याचे आवाज चालले होते.

"पोरगी कुठे आहे?"

"घरी. जरा मलूल आहे आज. मिसेस बसलीय तिच्याजवळ."

"आत्ता घरी जा आणि डॉक्टरला फोन करून गोळी चालू करा. ह्या गोळ्या अशा एकदम बंद करत नाहीत. जिवावर बेतेल."

तो तिच्याकडे अशा नजरेने बघू लागला, की तिला त्याची दया आली. "ताई, तुम्ही दवाखान्यात काम करता. तुम्ही असंच म्हणणार." मग हळूच म्हणाला, "पाळकसाहेबांनी सांगितलं तर देईन. त्यांनी नुसतं हो म्हणावं."

ती परत मागच्या खोलीत आली तेव्हा खोली रिकामी होती. पप्पांना दादा हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेला होता.

सभागृह दारापर्यंत भरलं होतं. खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं होती, पायऱ्यांवर माणसं होती. शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं चाललं होतं आणि छतापर्यंत आवाज भरला होता. एरवी ह्या गाण्याने भिंगरीच्या अंगावर काटा यायचा. आज तिला एवढंच दिसत होतं, की पुढच्या रांगेतली एक छोटी खुर्ची रिकामी आहे आणि तिच्या शेजारी बेकरीवाला उभा राहून, डोळे मिटून, गातोय.

ती भिंतीच्या कडेने पुढे सरकली. व्यासपीठाच्या पायरीपाशी वहिनी उभी होती. वहिनीने सरकून तिला जागा दिली.

गाणं थांबलं. दादा माइकपाशी आला. भिंगरीला त्याचं तोंड बघूनच कळलं, की तो रात्रभर पाठ केलेलं भाषण विसरला आहे. "उन्हाळ्यात आपण सगळ्यांनी उपकार मानले होते," एवढंच तो म्हणाला. "आज पप्पा वाचतील."

पप्पांनी पवित्र शास्त्र उघडलं. चष्मा खिशातच होता. त्यांनी पहिली ओळ म्हटली, खणखणीत, आणि सभागृहातून 'आमेन'चा एक मोठा सुस्कारा आला. दुसरी ओळ म्हटली. तिसरी. बोट पानावरून फिरत होतं, पण भिंगरी इतकी जवळ होती, की बोट पानाच्या रिकाम्या समासातून चाललंय हे तिला दिसत होतं. तिच्या शेजारी वहिनीचे ओठ हलत होते. ती प्रत्येक ओळ त्यांच्या आधी मनात म्हणत होती.

चौथ्या ओळीला पप्पा थांबले.

वहिनी पुटपुटली, "विसरले." दादा एक पाऊल पुढे झाला आणि त्यांच्या कानाशी लागून त्याने पुढचा शब्द सांगितला. पप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते विसरले नव्हते. भिंगरीने त्यांचा हा चेहरा एकदाच पाहिला होता, मोठी आई गेली त्या पहाटे.

"मी वाचत नव्हतो," पप्पा म्हणाले.

सभागृहात चुळबुळ झाली.

"मला पाठ आहे. सूनबाईने पाठ करून घेतलंय. तिचा दोष नाही, मी करायला लावलं. मला अक्षरं दिसत नाहीत." त्यांनी शास्त्र मिटलं. "बेकरीवाले भाऊ आहेत का इथे?"

"आहे, साहेब." अगदी समोरून आवाज आला.

"भाऊ, घरी जा. पोरीची गोळी द्या, डॉक्टरला बोलवा. आत्ता. आशीर्वादापर्यंत थांबू नका."

"पण आम्ही उपकार मानलेत, साहेब."

"मानलेत ते मानलेत. गोळी मिळतेय त्याचे परत माना." पप्पांचा आवाज फाटला. "माझ्या डोळ्यांची बोली मी देवाशी केली असेल, तर तो माझा आणि त्याचा मामला. तुमच्या पोरीला कुणी विचारलं? जा, पळा."

बेकरीवाला पळाला. खुर्च्या सरकल्या, वाट झाली, दार आपटलं. त्याच्या पळण्याचा आवाज बोळातून जाईपर्यंत सगळे ऐकत राहिले. भिंगरीला वाटलं आता आपण रडणार, पण दादा तिच्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते, म्हणून ती वर चढली आणि एका हाताने त्याला, एका हाताने पप्पांना धरून उभी राहिली.

"ही माझी मुलगी," पप्पा माइकमध्ये म्हणाले. "डोळ्यांच्या दवाखान्यात असते. हिला मी आज दुपारी गप्प बसवलं. भिंगरी, सगळ्यांसमोर सांग. किती गेलंय?"

"पप्पा, घरी बोलू."

"मी घरी मानले नव्हते उपकार. सांग."

"बरंच गेलंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच माइकमधून परका ऐकू आला. "गेलेलं परत येत नाही. उरलेलं कदाचित राखता येईल, थेंब घातले तर."

"ऐकलंत." पप्पांनी मान हलवली. मंडळीत कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी रागाने काही पुटपुटलं, मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून निघून गेलं. दादाने त्यांना जाताना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. भिंगरीने त्याचा दंड सोडला नाही.

"आता एकच विचारतो," पप्पा म्हणाले. "माझं बघून, माझं ऐकून, आणखी कुणी औषध बंद केलं असेल, तर त्याने हात वर करावा. लाजू नका. चूक तुमची नाही."

पप्पा समोर बघत होते, मधल्या वाटेकडे, बेकरीवाल्याच्या रिकाम्या खुर्चीकडे. त्या खुर्चीच्या मागे एक तरुण जोडपं बसलं होतं. त्यांचे हात मांडीवर होते. पप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा सगळा देह सैल झाला.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "देवाची कृपा. वाचलो."

भिंगरीला दिसत होतं ते वेगळं होतं. ती हे त्यांना न सांगता राहू शकली असती. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं आणि कुणीही तोंड उघडत नव्हतं. दादाने तर अगदी हलकेच मान हलवली, नको म्हणून. दवाखान्यात हे ती रोज कितीतरी जणांना शिकवते. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, समोर दिसतंय तेवढंच आहे असं धरू नका.

"पप्पा," ती म्हणाली, "मान वळवा."

"काय?"

"मान वळवून बघा. हळूहळू. आधी उजवीकडे."

त्यांनी मान उजवीकडे वळवली. भिंतीलगत शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर हात वर करून उभा होता. मान आणखी वळली. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, एकीचा हात दुसरीने धरून वर केलेला. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला एक पोरसवदा नवरा. काठी वर केलेली एक म्हातारी. पेटीवाल्याने पेटीवरून नजर न उचलता हात वर केला होता. पप्पांची मान तिथे थांबली आणि बराच वेळ थांबून राहिली. कुणाचाही हात खाली येत नव्हता, जणू पाळकाने बघितल्याशिवाय खाली घ्यायचा नाही असं ठरलं होतं.

"आता डावीकडे," भिंगरी म्हणाली.

दादा पुढे झाला. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूच तिकडे वळवलं.

डावीकडे हात कमी होते. गायला शिकवणाऱ्या बाईंचा होता. त्यांच्या मागे दोन होते. आणि पहिल्या रांगेच्या अगदी टोकाला, जिथे ती रोज बसायची, तिथे आईचा हात होता. पुरता वर नव्हता, खांद्यापर्यंतच आला होता, आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती.

भिंगरीला दुपारचे ते पेल्यावर पेले आठवले. दिवसभर ती एकाच्याच डोळ्यांकडे बघत होती.

"तू?" पप्पा म्हणाले. माइक तोंडाशी आहे हे ते विसरले होते.

"साखरेच्या गोळ्या," आई म्हणाली. तिला माइक नव्हता, पण सभागृह इतकं गप्प होतं, की सगळ्यांना ऐकू गेलं. "तुम्ही थेंब बंद केलेत त्याच दिवशी."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही एकट्याने विश्वास ठेवायचा आणि मी गोळ्या घेत बसायचं?" तिने हात खाली घेतला नाही. "मी रोज इथेच बसते. तुम्ही बघतच नाही इकडे. मला वाटलं रागावलाय."

पप्पा व्यासपीठाच्या पायरीकडे निघाले. पायरी त्यांना दिसत नव्हती. वहिनीने पुढे होऊन त्यांचा पाय हाताने धरून पायरीवर टेकवला, मग दुसरा. ते आईच्या खुर्चीपर्यंत गेले, तिच्यासमोर वाकले आणि ती पुरती दिसेपर्यंत मान इकडून तिकडे वळवत राहिले.

"बरं झालं," ते म्हणाले. "दिसलीस."